सहाव्या दिवसाचं नाव

भिंत प्लायवूडची होती. पलीकडे बाथरूम, अलीकडे एसिनामचं टेबल. आक्राच्या असायलम डाउन भागातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात तिनं सात वर्षं काढली होती, आणि त्या भिंतीतून नळाचा आवाज, कुणाचं खोकणं, कधी कुणी नवऱ्याशी फोनवर दबक्या आवाजात भांडलेलं, एवढंच तिला ऐकू आलं होतं. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पलीकडून सुहुयिनीचा आवाज आला. "तिचं नाव वुंपिनी होतं." मग शांतता. मग, "सहा दिवसांची होती." एसिनामला वाटलं, पोरगी कुणाशी तरी फोनवर बोलतेय. तेवढ्यात पुन्हा तेच, पहिल्यापासून. "तिचं नाव वुंपिनी होतं." शांतता. "सहा दिवसांची होती." त्या मधल्या शांततेची लांबी एसिनामच्या ओळखीची होती. दोन सेकंद. तिनंच ती मोजून दिली होती. नाव घे आणि थांब. मनात एक, दोन म्हण. ते नाव त्यांच्यापर्यंत पोचू दे. चौथ्या खेपेला सुहुयिनीचा आवाज 'वुं'वर किंचित कापला, आणि एसिनामच्या मनात पहिल्यांदा उमटलं ते कौतुकच. वा, जमलं. पाचव्या खेपेला तो नेमका तिथंच कापला, नेमका तेवढाच. सहाव्या खेपेलाही. हरमातानचे, वाळवंटाकडून येणाऱ्या धुळकट वाऱ्याचे दिवस होते, सकाळी पुसलेल्या टेबलावर दहा वाजेपर्यंत पुन्हा धूळ बसली होती, आणि एसिनाम त्या धुळीत बोट टेकवून बसून राहिली. ओठ कोरडे पडले होते. सातव्या खेपेला तिला कान झाकून घ्यावेसे वाटले; पण भिंतीपलीकडच्या बाईनं ते पाहिलं नसतं आणि अलीकडच्या बाईला त्याचा उपयोग नव्हता.

परदेशातले पैसेवाले आणि इथं काहीतरी नवं उभं करू पाहणारी माणसं यांची गाठ घालून देणं, हा तिचा धंदा. अशा पैसेवाल्यांना त्या जगात देवदूत म्हणतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा समुद्रकाठच्या केटा गावी घराच्या ओट्यावर मासळी निवडत बसलेल्या तिच्या आईनं विचारलं होतं, "देवदूत व्याज घेतात का गं?" "व्याज नाही, आई. हिस्सा घेतात." "मग ते देवदूत कसले? कोळी झाले. बोटीतला हिस्सा कोळी घेतात." एसिनाम तेव्हा खूप हसली होती, आणि नंतर कितीतरी बैठकांमध्ये तिनं हा किस्सा सांगून परदेशी माणसांना हसवलंही होतं. तिला ते चांगलं जमायचं. बारा वर्षं बँकेत काढल्यावर तिच्या लक्षात आलं होतं की माणसं आकड्यांना मान डोलावतात, पण खिशात हात घालतात ते दुसऱ्याच कशासाठी तरी. ते दुसरं काहीतरी शोधून काढणं हे तिचं कसब. कुणी यंत्र घेऊन आलं, कुणी बियाणं, कुणी टोमॅटो टिकवायची पेटी. ती सगळ्यांना एकच प्रश्न विचारायची. "हे सगळं ठीक आहे. पण तूच का?"

सुहुयिनी नोव्हेंबरात उत्तरेतल्या तामालेहून रात्रभराच्या बसनं आली होती, मांडीवर बुटाच्या खोक्यात यंत्र घेऊन. एकोणतीस वर्षांची, उंच, डोक्याला मोरपंखी रुमाल, बोलताना दोन्ही हात हवेत. ऑक्सिजनच्या नळकांड्याच्या तोंडाशी ते यंत्र बसवायचं. नळकांड्यावर दाबाचा काटा असतोच, पण तो किती उरलंय ते सांगतो. किती वेळ उरलाय ते सांगत नाही. आणि बावीस बाळांमागे एक नर्स असते तेव्हा काट्याकडे बघायला कुणाला फुरसत असते? हे यंत्र मिनिटं मोजायचं. चाळीस मिनिटं उरली की वॉर्डात कर्कश ओरडायचं आणि तिघांना फोन लावायचं: नर्सला, भांडारवाल्याला आणि कुणीच उचलला नाही तर खुद्द सुहुयिनीला. उत्तरेतल्या अकरा रुग्णालयांत ते लागलं होतं. नर्सेसनी त्याचं नाव ठेवलं होतं सासू. "का म्हणून काय विचारता, आंटी," सुहुयिनी म्हणाली होती. "घटकाभर टेकू देत नाही, आणि बोलते ते सगळं खरं असतं, म्हणून जास्त राग येतो." एसिनामला ती तिथंच आवडली. पण तिनं आणलेली बारा पानं सगळी दाबाची, बॅटरीची, झडपांची. एसिनामनं विचारलं, तूच का? सुहुयिनी म्हणाली, माझे मामा वेल्डर, मी नळकांड्यांतच वाढले. दुसऱ्या खेपेला विचारलं, तेच उत्तर. तिसऱ्या खेपेला ती चिडली. चौथ्या खेपेला खिडकीबाहेर बघत तिनं सांगितलं. पहिलं बाळंतपण. नळकांडं संपलेलं पहाटे कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्यात नाव सातव्या दिवशी ठेवतात, आंटी. ती सहाव्या दिवशी गेली. म्हणजे तिला नाव नाही. लोकांच्या लेखी नाहीच. पण मी मनात ठेवलं होतं. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. कोणतं, एसिनामनं विचारलं होतं. अगदी हळू, हातावर हात ठेवून. त्या क्षणी तिचे स्वतःचे डोळे भरून आले होते, ते खोटं नव्हतं. पण त्याच क्षणी, त्याच भरलेल्या डोळ्यांमागं कुणीतरी शांतपणे म्हणालं होतं, हे तिसऱ्या पानावर.

तो शांत आवाज कुठून येतो ते तिला ठाऊक होतं. ती एकोणीस वर्षांची होती आणि केटाच्या चर्चमध्ये परदेशी पाहुणे आले होते. शिकायला पैसे हवे असतील तर पत्र लिहा, असं पाद्र्यांनी सांगितलेलं. पहिल्या पत्रात तिनं आपले गुण लिहिले, गणिताची आवड लिहिली. पाद्री म्हणाले, पोरी, असं सगळेच लिहितात. मग तिनं वडील लिहिले. समुद्र त्यांना घेऊन गेला तो दिवस, तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलेली त्यांची टोपी, आईनं ती टोपी उन्हात वाळवली आणि वाळल्यावर पुन्हा ओली करून पुन्हा वाळवली, हे. पत्र निवडलं गेलं. ते सगळ्यांसमोर वाचायचं होतं. इंग्रजीत. पहिल्या बाकावर तिची आई बसली होती, खास काढलेलं लुगडं नेसून, आणि एक अक्षर न कळता लेकीकडे अभिमानानं बघत होती. टोपीपाशी आल्यावर एसिनामचा आवाज अडखळला, सभागृहातून एक सुस्कारा आला, आणि तिला कळलं की इथं थांबायचं असतं. ती थांबली. दोन सेकंद. पाहुण्यांतल्या एका बाईनं रुमाल काढला. सगळ्यात जोरात टाळ्या आईनं वाजवल्या. घरी जाताना आईनं विचारलं, "काय काय लिहिलं होतंस?" "आपल्या गावाबद्दल लिहिलं होतं, आई." "'कॅप' म्हणजे काय गं आपल्या भाषेत? तू ते म्हणालीस तेव्हा सगळे रडले." एसिनामनं विषय बदलला होता. त्या एका थांबण्यावर ती शिकली, बँकेत लागली, भावांची लग्नं झाली, ओटा सिमेंटचा झाला. त्याला पाप म्हणायचं तर सिमेंट उकरून काढायला हवं. आणि तरी आता भिंतीपलीकडे नळ सुटला होता, सुहुयिनी चूळ भरत होती, आणि एसिनामच्या तोंडात खारं पाणी आल्यासारखं झालं होतं.

"आंटी, ऐकलंत का?" सुहुयिनी दारात उभी होती, तोंड पुसत. "मला वाटलं तिथं कुणाला ऐकू येत नसेल. कसं वाटलं? आज पन्नास वेळा म्हणून पाठ करणार आहे. आता अजिबात अडखळत नाही."

"ऐकलं," एसिनाम म्हणाली. "बस. खाल्लंस का काही?"

"खाते ना. दोन वाजता देवदूत येणार म्हणून उपाशी थोडीच मरायचं."

कोपऱ्यावरच्या बाईकडून वाक्ये, म्हणजे चवळी घातलेला भात, आलं, पानात बांधलेलं, वर अंडं आणि शितोची भरपूर काळी तिखट चटणी. एसिनामनं दोनदा तोंड उघडलं. सुहुयिनी, ते तिसरं पान काढून टाकूया का. एवढं एकच वाक्य. पण तोंडात आलेलं वाक्य घासाबरोबर खाली गेलं. तिला कोब्ला आठवला. क्पांडो गावचा, माशांचं खाद्य करायचा. "माझ्या माशांचं विचारा, माझ्या बापाचं विचारू नका," असं पैसेवाल्यांना तोंडावर सांगून उठला होता. बाणेदार माणूस. आज त्याचं खाद्य कुठंच मिळत नाही आणि तो विमानतळावरून माणसं ने-आण करतो. शिवाय सुहुयिनीच्या यंत्रांच्या बॅटऱ्या थकत आल्या होत्या. नवा पैसा आला नाही तर ईस्टरपर्यंत अकराही रुग्णालयांतून ती काढून आणावी लागणार होती. आणि हुकस्ट्रानं डिसेंबरातच लिहिलं होतं की यावेळीही मन भरलं नाही तर त्यांचा गट आक्राचा नाद सोडून नैरोबीकडे बघेल. हा रॉटरडॅमचा हुकस्ट्रा त्या गटाचा प्रमुख. मालवाहतुकीची कंपनी विकून मोकळा झालेला, मनानं वाईट नव्हे, पण गोष्टीचा भुकेला. त्याला पाठवलेल्या टिपणात एसिनामनं स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती: 'या यंत्रामागे एक दुःख आहे, ते ती स्वतःच सांगेल.' गळाला लावलेलं आमिष ते. आता गळ टाकून झाल्यावर आमिषाची दया येऊन काय उपयोग? असं तिनं स्वतःला समजावलं आणि समोर बघितलं. सुहुयिनी अंड्याचा अर्धा भाग तिच्या पानात सरकवत होती. "घ्या, आंटी. तुमचा चेहरा उतरलाय. सादर मी करायचंय, घाबरताय तुम्ही."

दोन वाजता पडद्यावर पाच चेहरे आले. चार पुरुष आणि एक बाई. हुकस्ट्राच्या मागं पुस्तकांचं कपाट. ती बाई स्वयंपाकघरात बसलेली, मागं फ्रिज, फ्रिजवर घानाचा झेंडा चिकटवलेला. बोआतेमा क्लाउसेन. कुमासीची, तीस वर्षं हॅम्बुर्गमध्ये नर्स, गटात नवीनच आलेली. एसिनामनं तिला मनातल्या मनात बाजूला ठेवलं होतं. अशा माणसांजवळ जीव असतो, पैसा बेताचा असतो. सुहुयिनीनं सुरुवात केली. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर ती जरा भराभर बोलली. एसिनामला कळलं, ती तिसऱ्या पानाकडे निघाली होती, पायरी चुकू नये म्हणून खाली बघत चालतात तशी. हुकस्ट्रा खुर्चीत पुढं सरकून बसला. सुहुयिनीनं श्वास घेतला. आणि टेबलावरचा तिचा फोन थरथरला.

तिनं नुसतं नाव बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. पाठ केलेलं सगळं त्यावरून पुसून गेलं. "माफ करा," ती पडद्याला म्हणाली, आणि एसिनाम डोळ्यांनी नको नको म्हणत असताना तिनं फोन उचलून स्पीकरवर टाकला, कारण तिला दोन्ही हात दुसऱ्या लॅपटॉपवर हवे होते. "बोला, सिस्टर लारिबा."

"अगं, तुझी सासू ओरडतेय! कधीची ओरडतेय! भांडारवाला नमाजला गेलाय, फोन बंद. मी दुसरं नळकांडं ओढत आणलं, पण त्याची झडप फिरत नाही. दोन बाळं आहेत त्यावर, सुहुयिनी. दोन."

"सव्वीस मिनिटं आहेत. मला इथं दिसतायत. सव्वीस म्हणजे भरपूर. घाई करू नका. झडपेवर तेल लावू नका बरं, कुणी काही सांगितलं तरी तेल नाही, ऑक्सिजनपाशी ते पेट घेतं."

सुहुयिनी खुर्ची मागं ढकलून खिडकीशी गेली. फोन खिडकीच्या कट्ट्यावर, लॅपटॉप हातावर. पडद्यावर आता रिकामी खुर्ची आणि बाजूला एसिनाम. वॉर्डातला गलका फोनमधून ऑफिसात, आणि ऑफिसातून रॉटरडॅमला, हॅम्बुर्गला चालला होता: कर्कश घंटी, चपलांचा आवाज, एका बाळाचं बारीक, चिडकं रडणं. दुसऱ्याचं रडणं ऐकू येत नव्हतं. एक मिनिट गेलं. दोन.

हुकस्ट्रानं घसा खाकरला. "एसिनाम, ती येईपर्यंत... तू लिहिलं होतंस की यामागे काहीतरी घडलंय. तिच्या स्वतःच्या आयुष्यात. तुला माहीत असेल ना? तूच सांग की. वेळ वाया नको जायला."

इतका सोपा क्षण तिच्या धंद्यात कधी आला नव्हता. मागं खरं बाळ खरंखुरं रडत होतं, घंटी वाजत होती, आणि समोर पाच माणसं कान देऊन होती. आता ते नाव उच्चारायचं, नुसतं हळूच उच्चारायचं, आणि थांबायचं. मोजायचीही गरज नव्हती. सगळं जमून आलं असतं. बॅटऱ्या, ईस्टर, हे ऑफिस, तिचं स्वतःचं नाव. सुहुयिनीला कळलंही नसतं. कळलं असतं तरी तिनं आभारच मानले असते. एसिनामच्या जिभेवर तो शब्द आला. त्याचं वजन तिला जाणवलं. सहा दिवसांच्या जिवाचं असावं तेवढंच. आणि तिला दिसलं की हा शब्द आजवर जगात फक्त एका बाईच्या तोंडात आहे, त्या बाईच्या नवऱ्याच्याही तोंडात नाही, आणि तो या पुस्तकांच्या कपाटासमोर ठेवून ती रिकाम्या हातानं परत फिरणार आहे. तिला चर्चमधलं ते टोपीपाशी थांबणं आठवलं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तिला दुसरं काही ठाऊक नव्हतं. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती.

"माहीत आहे," एसिनाम म्हणाली. "पण ते तिचं आहे. मी ती ओळ लिहायला नको होती. यंत्राबद्दल विचारा, मी जमेल तेवढं सांगते."

"यंत्राबद्दल मी वाचलंय." हुकस्ट्राचा आवाज गार झाला. "मी माणसांवर पैसा लावतो. माणूस कोण आहे हेच सांगायचं नसेल..."

"माणूस कोण आहे ते ऐकू येत नाही का तुम्हाला?" हे एसिनाम बोलली नव्हती. फ्रिजसमोरची बाई बोलली होती. बोआतेमानं चष्मा काढला होता आणि कान पडद्याला लावल्यासारखी ती वाकली होती. "जरा गप्प राहा सगळे. मला वॉर्ड ऐकू दे."

आणि सगळे खरोखरच गप्प राहिले. एसिनामनं आयुष्यात अनेक शांतता घडवल्या होत्या. ही तिनं घडवलेली नव्हती. खिडकीशी सुहुयिनी सांगत होती, कापड गुंडाळा, दोघींनी धरा, डावीकडे, नाही सिस्टर, तुमच्या डावीकडे, जेवायच्या हाताकडे नाही. आणि पलीकडून लारिबा धापा टाकत म्हणत होती, माझ्या बापानं मला नर्स केलं, पैलवान नाही केलं. आणि सुहुयिनी हसत होती, अशा वेळी हसत होती, कारण तिला माहीत होतं की हसणाऱ्याचा हात थरथरत नाही. अठरा मिनिटं. सोळा. खालच्या दुकानातली शिलाई यंत्रंही थांबल्यासारखी वाटली. मग फोनमधून एक लांब, स्वच्छ फुस्स आवाज आला. बोआतेमानं तिकडे, हॅम्बुर्गच्या स्वयंपाकघरात, डोळे मिटून मान हलवली. तीस वर्षांची ओळख होती तिची त्या आवाजाशी. नळी बदलली गेली. घंटी थांबली. आणि इतका वेळ ऐकू न आलेल्या दुसऱ्या बाळानं, जणू झोपमोड झाल्याच्या रागानं, गळा काढला.

"बसली गं बाई गप्प तुझी सासू," लारिबा म्हणाली. "आता मी रडू का?"

"रडा की. पण आधी रिकाम्या नळकांड्यावर खूण करा. नाहीतर उद्या तेच आणाल."

सुहुयिनी परत खुर्चीत येऊन बसली. रुमाल सुटला होता, तो तिनं सगळ्यांसमोरच पुन्हा बांधला. "कुठं होते मी?" तिनं पडद्याकडे बघितलं, मग पुढच्या पानाकडे, आणि तिची बोटं थबकली.

"ते पान सोड, सुहू," एसिनाम म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला, बरा वाटला. "तुला जे सांगावंसं वाटतं ते सांग."

त्यानंतरचा पाऊण तास सुहुयिनी जे बोलली त्याला ना क्रम होता ना उतार-चढाव. तिनं झडपा कुठं गंजतात ते सांगितलं. वीज गेल्यावर यंत्र किती तास जगतं ते सांगितलं. बोआतेमा तिला सोडेना. नर्सनं फोन उचलला नाही तर? खोटी घंटी किती वेळा वाजते? आठवड्यातून एकदा? मग महिन्याभरात नर्स तिच्याकडे लक्षच देणार नाही, मी नसते दिलं. "म्हणूनच आवाज बदलत जातो, सिस्टर," सुहुयिनी उसळून म्हणाली, "एकच आवाज रोज ऐकला की कान मरतो. मी सहा नर्सेसना विचारून बदललाय." "सहा पुरत नाहीत." "मग साठांना विचारीन, तुम्ही यंत्रं द्या!" दोघी एकमेकींवर ओरडत होत्या, हात चालवत होत्या, आणि पुरुष टेनिसचा सामना बघावा तसे इकडून तिकडे बघत होते. एसिनाम कडेला बसून होती. तिला काही करायचं नव्हतं. सुहुयिनी इतकी मोठी आहे हे तिला गेल्या तीन महिन्यांत दिसलं नव्हतं. ती तिच्यात एका छोट्या, दुखऱ्या जागेशीच थांबली होती.

शेवटी हुकस्ट्रानं विचारलंच. थेट, पण आता जरा संकोचून. "टिपणात एका दुःखाचा उल्लेख होता."

"हो," सुहुयिनी म्हणाली. "आहे."

तो वाट बघत राहिला. ती त्याच्याकडे शांतपणे बघत राहिली. पुढं काहीच आलं नाही.

हुकस्ट्रानं या खेपेला पैसा लावला नाही. त्यानं सभ्य शब्दांत, दोन दिवसांनी, तसं कळवलं. बाकीच्यांपैकी दोघांनी लावला. पण त्याआधी, त्याच दुपारी, पडदा बंद करायच्या वेळी बोआतेमा म्हणाली, "एसिनाम, जाऊ नकोस. आम्ही हॅम्बुर्गमध्ये एकवीसजणी आहोत. सगळ्या घानाच्या, सगळ्या नर्स. दर महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकतो. आजवर त्यातून कुणाच्या अंत्यविधीला पाठवलं, कुणाच्या घराच्या छपराला. मी या गटात आले ते बघायलाच आले होते की हे देवदूत करतात तरी काय. आज बघितलं. यात काही अवघड नाही, आम्हालाही जमेल. रविवारी चर्चनंतर सगळ्यांना सांगते. या पोरीला म्हणावं, साठ रुग्णालयांची तयारी कर. आणि घंटीचा तो आवाज परत ऐकव मला, मला तो आवडला नाही." पडदा काळा झाला. सुहुयिनी दोन्ही हातांनी तोंड झाकून अशी ओरडली की खालच्या शिलाईवाल्या मुली जिन्यात धावत आल्या. काय झालं, काय झालं? काय झालं ते कुणी नीट सांगितलं नाही, पण एकीनं नाचायला सुरुवात केली आणि मग सगळ्याच नाचल्या, प्लायवूडची भिंत हादरेपर्यंत.

मुली खाली गेल्यावर एसिनाम म्हणाली, "ते नाव मी तुझ्याकडून काढून घेतलं, सुहू. मला ते करायला नको होतं."

सुहुयिनी उरलेलं, गार झालेलं वाक्ये खात होती. घास गिळून म्हणाली, "तुम्ही एकट्यांनी नाही घेतलं, मी दिलंच. पण आंटी, एक सांगू? पहिल्या दिवशी म्हणताना दुखलं. दहा वेळा म्हटलं तेव्हाही दुखलं. आज सकाळी तिथं म्हणत होते ना, तेव्हा अजिबात दुखलं नाही. नुसता शब्द झाला होता. मी घाबरले. म्हणून परत परत म्हणत होते, की कधीतरी दुखेल." तिनं पान दुमडलं. "आता परत दुखतंय. बरं वाटतंय."

त्या आठवड्यात एसिनामनं चौदाजणांना फोन केले. ज्यांची ज्यांची टिपणं तिनं लिहिली होती त्या सगळ्यांना. पहिली ओळ मी लिहिली होती, ती काढूया का, तू सांगशील ती लिहीन. नऊजण म्हणाले, काढा. तिघं म्हणाले, राहू दे, ते खरं आहे आणि मला सांगायला आवडतं. तिनं ते तसंच ठेवलं. एकानं विचारलं, आंटी, बरं वाटत नाही का तुम्हाला? चौदावा कोब्ला होता. तो म्हणाला, माशांचं खाद्य अजून माझ्या डोक्यात आहे, येऊ का सोमवारी?

मे महिन्यात बोआतेमा आली, हॅम्बुर्गच्या आणखी दोघींना घेऊन. तिघींनी एकाच कापडाचे पोशाख शिवून घेतले होते. बोलगाटांगाच्याही पुढं, बाओबाबची झाडं आणि लाल माती असलेल्या एका छोट्या रुग्णालयात तिसावं यंत्र बसत होतं. एसिनाम पहिल्यांदाच एवढ्या उत्तरेला आली होती. वॉर्ड लहान, भिंती निळ्या, एका खाटेवर दोन-दोन बाळं. सुहुयिनीनं गुडघ्यावर बसून झडप आवळली, काही आकडे घातले, आणि चाचणी म्हणून घंटी वाजवली. नवा आवाज, बोआतेमाला पसंत पडलेला. सगळ्या जणी टाळ्या वाजवायला लागल्या. हॅम्बुर्गच्या एकीनं फोटो काढायला फोन वर केला, दुसरीनं प्रार्थनेला डोळे मिटले, बोआतेमा दोन शब्द बोलायच्या तयारीनं पुढं झाली. तेवढ्यात वॉर्डची मुख्य नर्स आली. बुटकी, पन्नाशीची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"कोण तुम्ही सगळ्या?"

"हे यंत्र ज्यांनी दिलं त्या," एसिनाम म्हणाली. "आणि ही, जिनं केलं ती."

नर्सनं सुहुयिनीकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं, काट्यावरून बोट फिरवलं, यंत्रावर दाखवलेली मिनिटं वाचली. "चांगलंय," ती म्हणाली. "वापरायचं कसं ते कळलं. आता निघा. भेटायची वेळ चारनंतर. माझी बाळं झोपलीत."

"अहो, आम्ही जर्मनीहून..."

"तिथंही वॉर्डात असाच गोंगाट करता?"

बोआतेमानं दाराशी काढलेल्या चपला उचलल्या. तीस वर्षं तिनं स्वतः हेच केलं होतं. नर्सनं पाचही जणींना दारापर्यंत अक्षरशः ढकलत नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेर टळटळीत ऊन होतं. पाचजणी एका ओळीत, चपला हातात, अंगणात उभ्या राहिल्या, शाळेतून बाहेर काढलेल्या पोरींसारख्या. आधी सुहुयिनीला हसू फुटलं. मग बोआतेमाला. मग कुणालाच आवरेना. एकमेकींच्या खांद्याला धरून, आवाज आत जाऊ नये म्हणून तोंडावर रुमाल, बाही, हात, जे मिळेल ते दाबून, त्या हसत राहिल्या.